घरच्या पोरीचा गोल फेरा

विमानांच्या कसरतीतलं मला काही म्हणता काही कळत नाही; म्हणून मला परीक्षक नेमण्यात आलं.

त्याचं असं झालं. माझी नात पल्लवी यवतमाळला इंजिनिअरिंग शिकते आणि रिमोटची विमानं उडवते. (खेळणं म्हणायचं नाही, राग येतो.) तिच्या मंडळानं मुकुटबनला आमच्याच वावरात स्पर्धा ठेवली. सोयाबीन निघून वावर मोकळं झालं होतं, कडेला तेवढी तूर उभी. जो पहिला येईल तो नागपूरच्या मोठ्या स्पर्धेत उतरणार, आणि जागा एकच. त्या एका जागेपायी पोरगी वर्षभर राबली, सणावारालाही धड घरी आली नाही. वर मार्क मोजायचं सॉफ्टवेअरही तिनंच बनवलेलं.

ऐन वेळी तिघांतल्या दोन परीक्षकांची गाडी वणीजवळ बंद पडली. तिसरे, नागपूरचे साहेब, तेवढे मोटरसायकलवर येऊन पोचले होते. मग पल्लवीनं मला आणि माझी धाकटी जाऊ शोभा, आम्हा दोघींना धरून खुर्च्यांवर बसवलं आणि हातात एकेक मोबाइल दिला.

"अवं, पन आमाले काय समजते त्यातलं?"

"आजी, विमान आभायात गोल फेरा मारते. तो भाकरीसारखा गोल आला का नाही, तेवढंच पाहाचं. बाकी सॉफ्टवेअर पाहून घेते. कोनी आपल्या मानसाले जास्त देल्ले, तं त्याचे मार्क बाकी दोघायपेक्षा येगळे दिसतेत. मंग ते बाद करून टाकते."

ती सहज बोलून गेली, पण मी विचारात पडले. वावर आमचं, सॉफ्टवेअर पोरीचं, आणि परीक्षक आजी! लोक काय म्हणतील? शिवाय मी काही नवखी नव्हे. गावच्या रांगोळीच्या स्पर्धेत माझा शब्द चालतो, आणि तिथली माझी रीत पक्की आहे: घरच्या पोरीला हात आखडून, पाहुण्याच्या पोरीला हात सैल सोडून. आजवर कुणी बोट दाखवलेलं नाही.

पहिली काही विमानं उडाली. आम्ही दहापैकी सात-आठ देत गेलो, साहेबांचंही तसंच चाललं होतं. मग राजूरच्या पोराचं विमान वर गेलं. त्याचा फेरा पाहून मला लग्नानंतर मी थापलेली पहिली भाकर आठवली, आणि शेवटी ते तुरीत जाऊन पडलं. साहेबांनी नुसती मान हलवली. शोभा मला म्हणाली, "बाई, लेकरू एवढ्या दुरून आलं." खरंच होतं ते. दोघींनी नऊ-नऊ दिले. (पाहुण्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?)

मग पल्लवी उभी राहिली. काय सांगू! विमानानं आभाळात असा गोल फेरा काढला, की उचलून तव्यावर टाकावा. माझं बोट आपोआप नऊवर गेलं. मी ते ओढून चारवर आणलं. शोभानं वाकून माझा मोबाइल पाहिला आणि तिनंही चारच दिले. ("तुमी मोठ्या. तुमच्या वरतं मी कशी जाऊ?")

निकाल लॅपटॉपवर आला. पहिला, राजूरचा पोरगा. आणि साहेबांच्या नावापुढे दोन लाल खुणा: राजूरवर राग, पल्लवीवर माया, दोन्ही मार्क बाद. सॉफ्टवेअरनं आम्हा दोघींचं एकमत पाहिलं आणि तिसऱ्याला धरलं. त्या वावरात ज्या एकट्या माणसाला विमानातलं कळत होतं, तोच पक्षपाती ठरला! या मुलीला मी आज पहिल्यांदा पाहतोय, असं साहेब बिचारे ज्याला त्याला सांगत होते. राजूरचा पोरगा विमानातून तुरीचा पाला काढत बसला होता. आपण पहिले आलो हे त्यालाही पटेना.

पल्लवी माझ्यापाशी आली. "आजी, तू मले किती देल्ले?"

"चार."

"काहून? फेरा गोल नोता?"

"गोल होता वं. सगळ्यायपेक्षा गोल होता. पन घरची पोरगी म्हनून…"

ती लॅपटॉप मिटायला वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. साहेब म्हणाले, चूक झाली आहे तर मार्क दुरुस्त करू. मंडळातली पोरंही तयार होती. मी तर हात जोडले. पण ती ऐकेना.

"सॉफ्टवेअर माह्यं हाय. त्याचा निकाल आज माह्याचसाठी बदलवला, तं उद्या त्याच्यावर इस्वास कोन ठेवंन?"

आणि तिनं विमानाचे पंख सोडवले, खोक्यात ठेवले, वरून सुतळी बांधली. गाठ काही केल्या बसत नव्हती. मी बोट ठेवायला पुढे गेले, तर म्हणाली, "राहू दे, आजी." ते दोन शब्द अजून कानात आहेत.

नागपूरला राजूरचा पोरगा गेला. पल्लवीनं मग सॉफ्टवेअर सुधारलं. आता ते आधीच विचारतं, उडवणारा तुमचा कोण लागतो? कोणी लागत असेल तर मार्क घेतच नाही. मंडळातली पोरं त्या सुधारणेला 'आजी' म्हणतात. (माझ्या नावानं या जगात एवढं एकच काम झालं.)

परवा ती घरी आली. मी तिच्या आवडीचं वांग्याचं भरीत केलं, गरम भाकर वाढली आणि जीव मुठीत धरून विचारलं, "कसं झालं वं?"

तिनं बोटं चाटली, तिसरी भाकर मागून घेतली आणि म्हणाली, "चार मार्क, आजी. घरचंच हाय ना."

नागपूरच्या साहेबांनी नक्की नऊ दिले असते. पण त्यांना तर आम्हीच बाद केलं होतं!