हिरव्या रंगाखालचा पंजा

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. भेटणारे लोक खून, दरोड्यांबद्दल विचारतात आणि मीही सांगतो. पण मनातून जी घटना जात नाही, ती एका विजेच्या मोटरीची आहे. तिच्यापायी मी एका निरपराध माणसाला अटक करायला निघालो होतो. मध्ये खंडेनवमी आडवी आली म्हणून तो वाचला आणि खरं सांगायचं तर मीही वाचलो. घरात कुंकवाचा करंडा उघडला की आजही ते प्रकरण डोळ्यांपुढे येतं.

तेव्हा माझी नेमणूक आष्टी तालुक्यात, कड्याच्या बाजूच्या एका ठाण्यात होती. दुष्काळाचं दुसरं वर्ष. जनावरं चारा छावणीत, आणि गडीमाणसं दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यावर निघायच्या तयारीत. अशा वेळी घरात येणारी एकच वस्तू होती, ती म्हणजे दूध. छावणीतल्या गाईचं दूध काढून बायका किटल्या घेऊन सहकारी दूध संस्थेच्या शीतकरण केंद्रावर यायच्या. तिथे ते थंड करून ठेवायचं आणि टँकर आला की पाठवायचं, असा रोजचा क्रम होता.

त्याच सुमारास वीज कंपनीने एक योजना काढली होती. संस्थांनी, गिरण्यांनी, कारखान्यांनी आपल्या जुन्या, वीज खाणाऱ्या मोटरी काढून कमी विजेवर चालणाऱ्या नव्या बसवायच्या. किमतीचा मोठा वाटा कंपनी उचलणार. अट एकच होती. जुनी मोटर कंपनीच्या भांडारात जमा करायची आणि तिथे ती घणाने फोडायची. ही अट ज्या साहेबाने लिहिली त्याला आपल्या माणसांची चांगलीच ओळख असावी. आपल्याकडे जुनी वस्तू मरत नाही, ती मेहुण्याच्या घरी जाते.

या संस्थेनेही योजनेत भाग घेतला. उन्हाळ्यात दूध थंड करणाऱ्या यंत्राला नवी मोटर बसली, पेढे वाटले गेले, फोटो निघाले.

भाद्रपद सरता सरता एका सकाळी एक बाई ठाण्यात आली. चाळिशीची असेल. तिने हातातली किटली ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, थेट स्टेशन डायरीशेजारी ठेवली आणि झाकण काढलं.

"घ्या वास," ती म्हणाली.

अंमलदार मागे सरकला. "बाई, हे ठाणं आहे. दूध नासलं तर संस्थेत जा."

"संस्थेतूनच आले. नासलं म्हनून परत दिलंय. आठवड्यात दोनदा परत येतंय. नवी मोटर आली म्हनून पेढे खाल्ले न्हवं समद्यांनी? मग दूध नासतंय कावून?"

मी माझ्या खोलीतून ऐकत होतो. नासलेल्या दुधाला कोणतं कलम लावायचं हे मलाही ठाऊक नव्हतं. पण 'कावून' हा प्रश्न बरोबर होता. मी वीज कंपनीच्या अभियंत्याला फोन लावला. तो म्हणाला, "साहेब, माझाही त्या केंद्रावर डोळा आहेच. मोटर बदलली तरी विजेचे युनिट एकानेही कमी झालेले नाहीत. उद्या तपासणीला निघतोय, तुम्हीही चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. अभियंत्याने तारेला चिमट्यासारखा मीटर लावला, आकडा पाहिला आणि मान हलवली. मग मोटरीवरच्या पाटीचे रिबिट नखाने खरवडून बघितले.

"पाटी नवी आहे, साहेब. मोटर जुनी आहे. विजेचा दाब कमी आला की असली मोटर तापते आणि बंद पडते. भारनियमन सुरू व्हायच्या आत दूध थंड व्हायला पाहिजे, ते होत नाही."

मी दोन पंच बोलावून पंचनामा केला. हिरवा रंग दिलेली मोटर, पाटीवरचा क्रमांक, दाराचं कुलूप शाबूत, जे दिसलं ते लिहिलं. तेवढ्यात संस्थेचा सचिव पुढे आला आणि त्याने तिथल्या तिथे फिर्याद दिली. त्याचं म्हणणं असं, की नवी मोटर बसवली होती. ऑपरेटरने ती मागाहून काढून विकली आणि भंगारातली जुनी मोटर रंगवून तिच्या जागी बसवली. किल्ल्या ऑपरेटरकडेच असत. संशयाला जागा होती.

ऑपरेटर पन्नाशी ओलांडलेला, सडपातळ माणूस. वीस वर्षं याच केंद्रात. उजव्या हाताची अनामिका अर्धीच होती, बाकीची कधीकाळी मोटरीच्या पट्ट्यात गेलेली. संस्थेने त्याला कामावरून दूर केलं आणि मी त्याला रोज ठाण्यात हजर राहायला सांगितलं.

चार दिवस मी त्याला विचारत होतो.

"नवी मोटर कुठे विकलीस?"

"मी चोरी केली न्हाई, साहेब."

"मोटर बसवली त्या दिवशी कुठे होतास?"

"अंबाजोगाईला गेलतो. मालकीण दवाखान्यात व्हती. आठ दिस तिथंच व्हतो."

"मग ही मोटर कुणी बसवली?"

यावर तो खाली बघायचा आणि गप्प बसायचा. चहा दिला तरी गप्प, आवाज चढवला तरी गप्प.

नोकरीत एक गोष्ट मी शिकलो होतो. खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो. गप्प बसणारा एक तर निगरगट्ट असतो, नाहीतर काहीतरी जपत असतो. हे माहीत असूनही मी पहिलीच बाजू धरली. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून मोकळा झालो. अंबाजोगाईचं त्याचं म्हणणं जबाबात लिहिलं, पण सचिवाच्या सांगण्याप्रमाणे चोरी त्यानंतरची होती, म्हणून त्याला वजन दिलं नाही. रायटरला अटकेचे कागद तयार करायला सांगितलं. आमचे जुने हवालदार मात्र म्हणाले, "साहेब, सणाच्या तोंडावर नको. नवमी होऊ द्या." वीस वर्षं एका जागी राबलेला माणूस दोन दिवसांत कुठे पळणार होता? मी थांबलो.

खंडेनवमीला ठाण्यात शस्त्रांची पूजा असते. बंदुका पुसून मांडतात. जीप, वायरलेस, टाइपरायटर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. त्या दिवशी हवालदार शस्त्रांच्या पेटीसमोर बसून कुरकुरत होते. महिन्यापूर्वीच आम्ही पेटी रंगवून घेतली होती आणि झाकणावर एका जागी रंगाचा पापुद्रा निघाला होता.

"रंगाऱ्याला हजारदा सांगितलं, आधी घासून घे," ते म्हणाले. "दरसाल आमी हितं तेलात कालवून कुंकू लावतो. तेलकुंकवावर रंग धरतोय व्हय?"

माझ्या हातातलं फूल हातातच राहिलं. मी खोलीत जाऊन पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मोटरीच्या मागील जाळीलगत रंगास पोपडा धरलेला, सुमारे तळहाताएवढा.' लिहिणारा मी, सही माझी. वाचलं मात्र आज.

त्याच दुपारी पंच, केरोसीन आणि फडकं घेऊन आम्ही केंद्रावर गेलो. सचिवालाही बोलावून घेतलं. अभियंता हजर होता. पोपड्याला फडकं लावताच रंग सालीसारखा सुटला. खाली घट्ट, काळपट लाल थर होता आणि त्यावर उमटलेला हाताचा पंजा स्पष्ट दिसत होता. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, करंगळी. अनामिका अर्धीच.

आता सगळं उलगडलं. तो पंजा ऑपरेटरचा होता आणि वीस नवम्यांच्या थरांवर बसला होता. नवी मोटर उन्हाळ्यात आली, तेव्हापासून नवमी आजच येत होती. म्हणजे ही भंगारातून आणलेली मोटर नव्हतीच. ही संस्थेची स्वतःची जुनी मोटर होती, जी भांडारात जमा होऊन फुटल्याची पावती कंपनीकडे होती. मग फुटली ती भलतीच कुठली तरी जळकी मोटर. ती जमा करताना पावतीवर सही सचिवाची होती आणि त्या आठवड्यात ऑपरेटर अंबाजोगाईला बायकोच्या उशाशी बसलेला होता. रुग्णालयाच्या कागदांनी पुढे तेही पक्कं केलं.

सचिव बोलू लागला आणि बोलतच राहिला. पुरवठादाराशी संगनमत करून त्याने नवी मोटर फोटोपुरती आणली होती आणि पाटी काढून घेऊन मोटर दुसरीकडे धाडली होती. दुसऱ्या दिवशी ती मिळाली, त्याच्या मेहुण्याच्या तेलघाण्यावर! अट लिहिणाऱ्या त्या साहेबाला मी मनातल्या मनात सलाम केला.

मग ऑपरेटरला केंद्रावर बोलावलं. मोटरीवरचा पंजा बघून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"तुम्ही ओळखलं होतं ना हिला?" मी विचारलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला 'तुम्ही' म्हणालो.

"पहिल्याच दिशी, साहेब. दवाखान्यातून आलो, स्टार्टर दाबला अन् आवाज वळखला. रंग कसलाबी द्या, आवाज बदलतोय व्हय?"

"मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला आत टाकणार होतो."

"बोललो असतो तर तिला नेऊन फोडली असती. जायच्या आधी मी तिच्यापाशी लई रडलो व्हतो. परत आलो तर ही जागेवर! शेक्रेटरी म्हनले, गप बस, तुझी मोटर वाचली. मला वाटलं, देवच पावला."

"आणि दूध नासत होतं, ते?"

त्याने मोटरीच्या जाळीवर हात ठेवला. मग म्हणाला, "वाटायचं, येईल ताळ्यावर. वीस वरसांत तिनं कधी दगा दिला न्हवता."

मी त्याला त्या बाईची आणि टेबलावर ठेवलेल्या किटलीची गोष्ट सांगितली. त्याने डोकं धरलं. मी रागावणार नव्हतो. त्याच्यापेक्षा मोठी चूक माझी होती. मी त्याची माफी मागितली. खात्यात तशी पद्धत नाही, पण मला त्याशिवाय घरी जाववलं नसतं.

पुढे दोषारोपपत्र गेलं, खटला चालला, सचिव आणि पुरवठादार यांना शिक्षा झाली. नवी मोटर न्यायालयाच्या परवानगीने संस्थेला सुपुर्दनाम्यावर दिली, कारण दूध काही तारखांची वाट बघत नव्हतं. जुनी मोटर मुद्देमाल म्हणून आमच्या खोलीत पडून होती. निकालानंतर ती कंपनीच्या भांडारात फुटली. ऑपरेटर तेव्हा आला नाही.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. माणूस गप्प बसला म्हणजे गुन्हेगार झाला असं नाही. तो काय जपतोय हे आधी शोधावं. आणि आपण लिहिलेला कागद आपणच पुन्हा वाचावा. त्यानंतर मी एकही अटक पंचनामा दोनदा वाचल्याशिवाय केली नाही.

पुढच्या खंडेनवमीला ऑपरेटरने मला केंद्रावर बोलावलं. तो पुन्हा कामावर होता. नवी मोटर पुसून लख्ख केली होती, वाटीत तेल-कुंकू कालवलेलं होतं, पण त्याने हात बुडवला नव्हता. तो दाराकडे बघत होता. थोड्या वेळाने ती किटलीवाली बाई आली. त्याने वाटी तिच्यापुढे धरली.

"आक्का, पहिला हात तुमचा."

ती अवघडली. "माझा कशाला, भाऊ? मशीन तुमचं."

"माझ्या पायी तुमचं दूध गेलं," तो म्हणाला. "लावा."

तिने माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिने पदर खोचला, पंजा वाटीत बुडवला आणि मोटरीच्या पाठीवर टेकवला. टेकवल्या टेकवल्या दचकून म्हणाली, "अगं बाई, ही तर थरथरतीया! चालू हाय व्हय? आवाजच न्हाई हिला."

"चालूच हाय," ऑपरेटर म्हणाला. "हात लावल्याबिगर कळत न्हाई." आणि तिच्या पाच बोटांच्या खाली त्याने आपला साडेचार बोटांचा पंजा उमटवला.