तो नसलेलं घर

खटले निकाली निघतात, किस्से मात्र चेंबरमध्येच मुक्काम ठोकतात. आमच्या कांबळे मॅडमकडे ज्युनिअर म्हणून मी रुजू झाले आणि कायद्याच्या आधी हेच साठत गेले. त्यातले निम्मे एकट्या शुभदाच्या केसमधले.

शुभदा कोथरूडच्या शाळेत गणित शिकवते. नवरा हात उचलायचा. एका संध्याकाळी त्याने तिला घराबाहेरच काढलं. ती वाघोलीला बहिणीकडे राहत होती आणि नातेवाईक रोज नवीन सल्ला देत होते.

मॅडमनी विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

"घर. तो नसलेलं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "लिहून घे. इतकी स्वच्छ मागणी क्वचित येते."

* * *

घरगुती हिंसाचाराचा अर्ज दाखल केला, पण नोटीस बजावायची तर नवरा सापडेना. बेल वाजली की आतला टीव्ही बंद व्हायचा. संरक्षण अधिकारी गायकवाड मॅडम हेलपाटे घालून कंटाळल्या.

शुभदा म्हणाली, "रविवारी सकाळी मंडईत जा. गवार घेत असतो. एकेक शेंग मोडून बघतो, त्यामुळे बराच वेळ असतो."

तो होताच. म्हणाला, "सही कशी करू? दोन्ही हातांत पिशव्या आहेत."

"द्या की, मी धरते," गायकवाड मॅडम म्हणाल्या.

सही झाली. नंतर त्यांनी आम्हाला फोन करून कळवलं, "बजावली. गवार मात्र कोवळी होती हं."

* * *

पहिल्या तारखेला नवऱ्याचे काका आले. कोर्टाच्या व्हरांड्यात शुभदाला गाठून समजावू लागले, "अगं, आपल्या घरात असले प्रकार होत नाहीत."

"होतात, काका. तुम्ही चहाला येता तेव्हा होत नाहीत."

काका पुढच्या तारखेला आले नाहीत. मला त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला.

* * *

मग तिची साक्ष. समोरच्या वकिलांचा मुद्दा एकच, असं काही घडलंच नाही. शुभदा शांतपणे सांगत होती, "त्यांनी कुकरचं झाकण फेकून मारलं."

मागून नवरा ताडकन उठला. "साफ खोटं आहे, मॅडम. कुकर त्या दिवशी दुरुस्तीला होता. झाकण कढईचं होतं."

त्याच्या वकिलांनी चष्मा काढून डोळे मिटले. जजमॅडम टायपिस्टला म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं घ्या. शब्द न शब्द."

मला हसू फुटलं. तेवढ्यात शुभदाच्या भुवईवरची खूण दिसली आणि ते हसू तिथंच विरलं.

* * *

आदेश आला. नवऱ्याने घर सोडायचं, तिच्या आसपास फिरकायचं नाही. शुभदाला तिच्या घरी सोडायला आम्ही सगळ्या गेलो. गायकवाड मॅडम आणि एक महिला पोलीसही होत्या. धास्ती होती ती सासूबाईंची. त्या त्याच घरात राहायच्या आणि इतके दिवस त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नव्हती.

नवरा सामान न्यायला म्हणून जिन्यात उभा होता. आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "आई माझ्याशिवाय एक दिवस राहायची नाही. बघा तुम्ही."

बेल वाजवली. सासूबाईंनी दार उघडलं, शुभदाकडे पाहिलं आणि तिला वाट देण्यासाठी बाजूला झाल्या. तिच्यासोबत आम्हीही आत गेलो. मागोमाग तोही घुसणार, तोच त्यांनी उंबऱ्यावर बॅग आणून ठेवली.

"तुझे कपडे. शर्टांना इस्त्री केलेली नाही."

"आई, अगं..."

"कोर्टाने नको म्हटलंय ना?"

दार लागलं. आम्ही आत, तो बाहेर. सासूबाईंनी पदराने हात पुसले.

"कुलूप बदलायला माणूस बोलावलाय, येईल आता. शुभदा, किल्ल्या किती करायला सांगू?"

शुभदाने खांद्यावरची पर्स उतरवून ठेवली.

"दोन, आई."