हेलिकॉप्टरच्या चित्राआडची बोट

नरसीला रस्त्याच्या कडेला खेळणी, बांगड्या आणि टिकल्या विकणाऱ्या मावशीनं मला मदत केली, हे आधीच लिहून ठेवते. माझं शिक्षण आठवीपर्यंतचं. लिहायला बसले की विषय भरकटतो आणि आभार मानायचे राहून जातात. मावशी माझ्या नात्यातली नाही, गावचीही नाही. माझं बोलणं तिला अर्धंच समजतं, असं ती तोंडावर सांगते. तरी तिनं तीन दुपारी दुकानाकडे पाठ करून माझ्यासाठी पोतं उपसलं.

माझं माहेर कोकणात. नवरा मोबाइलच्या टॉवरवर दुरुस्तीचं काम करतो, त्याच्याबरोबर दोन वर्षांपूर्वी मी सेनगावजवळच्या गोरेगाव या खेड्यात आले. खोलीच्या मागे लगेच सोयाबीनचं शेत. नवरा सकाळी निघून गेला की संध्याकाळपर्यंत मी आणि फोन. त्या फोनवर मला ती साइट सापडली.

टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी गोळा करणाऱ्या हौशी लोकांची ती साइट. कुणालाही तिथं लिहिता येतं. पण नियम कडक. त्या कॅसेटी बहुतेक नकली होत्या. एकच खेळ दहा जणांनी दहा नावांनी पुन्हा पुन्हा काढलेला. म्हणून प्रत्येक कॅसेटीची नोंद तीन रकान्यांत करायची. मूळ खेळाचं नाव काय, स्टिकरवर काय छापलंय, आणि कॅसेट लावल्यावर पडद्यावर काय दिसतं. तिन्ही वेगळं असू शकतं. फोटो असेल तर नोंद पक्की. नसेल तर वर लाल पट्टी येते आणि ठरल्या मुदतीत ती ओळ काढून टाकतात.

मी लहानपणी पाहिलेला हेलिकॉप्टरचा स्टिकर तिथं शोधत होते. का शोधत होते ते पुढं येईलच. पान सगळं इंग्रजीत. फोन त्याचं वेडंवाकडं मराठी करून दाखवतो. स्टिकर सापडला. त्याखाली त्या स्टिकरच्या आत सापडलेल्या खेळांची यादी होती, आणि तळाशी लाल पट्टीची एक ओळ. पडद्यावरचं नाव, बोट ९९. फोटो नाही. कुणी लिहिलं त्याचं नाव नाही. शेजारी टीप होती: ‘बाहेर हेलिकॉप्टर, आत बोट आहे. लावून बघा.’ महिनाअखेरीस ओळ काढली जाणार होती.

मी फोन पालथा ठेवला. दूध उतू गेलं तरी उठले नाही.

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. मी नऊ वर्षांची होते, दादा चौदाचा. दादानं पावसाआधी काजूच्या बिया गोळा केल्या आणि जत्रेतल्या फेरीवाल्याला देऊन त्याच्याकडून एक कॅसेट घेतली. वर हेलिकॉप्टर. आमच्या वाडीतल्या मोठ्या घरी तशीच एक कॅसेट होती, आणि नेमकी त्याच आठवड्यात ती हरवली. झालं. अंगणात माणसं जमली. वीज गेलेली होती. दादा एकच सांगत राहिला.

“चित्र तेच आहे, आतला खेळ वेगळा आहे. लावून बघा.”

वीज येईपर्यंत कोण थांबणार? मोठ्या घरी माझं जाणं-येणं होतं, म्हणून मला पुढं केलं आणि कॅसेट दाखवून विचारलं, त्यांच्याकडे होती ती हीच का? बाबा माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, “होय, हीच.”

दादाच्या मित्राच्या घरी मी ती कॅसेट लागलेली बघितली होती. काळं पाणी आणि त्यात एक बोट. मोठ्या घरातल्या कॅसेटीत हेलिकॉप्टर उडायचं, तेही मला ठाऊक होतं. पण मला विचारलं चित्राबद्दल, आणि मी चित्राचंच उत्तर दिलं. दादाला मार बसला. कॅसेट मोठ्या घरी गेली; तिथं ती लावून कुणाला काय दिसलं, ते आमच्यापर्यंत आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दादा गेला, तो आजतागायत आलेला नाही.

इतक्या वर्षांत मला शंका यायला लागली होती, की ती बोट मी खरंच पाहिली का? की दादाची बाजू घ्यायला मनानंच नंतर रचली? बोट खोटी असेल तर दादा चोर. खरी असेल तर त्याला घरातून मी घालवलं. दोन्हीकडे विहीर. आणि आता ती ओळसुद्धा पुसली जाणार होती. दादाचा तो मित्र पुढं कधी भेटला नाही, आणि तशी बोट पाहिलेलं दुसरं माणूस मला त्या ओळीशिवाय कुठं भेटलं नव्हतं.

नवऱ्याला एवढंच सांगितलं, की जुन्या कॅसेटी बघायच्यात. तो म्हणाला, नरसीला एका दुकानात त्यांची धुळीनं भरलेली माळ टांगलेली पाहिलीय. मी जीपनं सेनगाव आणि तिथून नरसी गाठलं.

मावशीनं आधी मला गिऱ्हाईक समजून टिकल्यांचं पाकीट पुढं केलं. कॅसेटीचं सांगितल्यावर ती हसली.

“काहून शोधून राहिली बाई ते भंगार? लेकरं तर आता मोबाइलच खेळून राहिले.”

तिचे मालक हयात असताना नांदेडहून पोत्यानं माल आणायचे. मावशीला इंग्रजी वाचता येत नाही. वर मोटार आणि आत पाखरं, असं निघालं की पोरं भांडायला परत येत. म्हणून तिनं आपली रीत पाडली. आलेला प्रत्येक नग आधी घरच्या टीव्हीला लावून बघायचा आणि मागच्या बाजूला टिकली चिकटवायची. लाल गोल म्हणजे विमान, हिरवी म्हणजे रणगाडा, लांबट म्हणजे मारामारी, काळी चंद्रकोर म्हणजे पाण्यातलं. स्टिकरकडे ती बघायचीच नाही. साइटवरच्या शिकलेल्या लोकांनी तीन रकाने केले, मावशीनं तेच काम टिकल्यांवर भागवलं होतं.

पण पोत्यात उंदीर झाले होते, गोंद सुकला होता, टिकल्या तळाशी गळून पडल्या होत्या. पहिल्या दुपारी हेलिकॉप्टरवाल्या चार कॅसेटी निघाल्या. तिनांवर लाल टिकली, एक कोरी. दुसऱ्या दुपारी आणखी तीन. त्यातल्या एकीच्या पाठीवर काळी चंद्रकोर होती, अर्धी खरवडलेली. मावशीनं ती डोळ्यांपाशी नेली, अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाली, “पाण्याची हाय. आता लाल-हिरवं मला एकसारखंच दिसते, पण कोर हाताला लागते.”

लावून बघायला तिचा जुना खेळाचा डबा होता, पण त्याचा चार्जर जळलेला. नवऱ्यानं टॉवरच्या सामानातला एक जोडून दिला. त्यात सहा दिवस गेले. मुदतीला तीन दिवस उरले होते.

तिसऱ्या दुपारी मावशीच्या मागच्या खोलीत टीव्हीवर नुसत्या करड्या रेघा आल्या. मी कॅसेट काढली, मऊ फडक्यानं आतले पितळी दाते पुसले, पुन्हा लावली. पुन्हा रेघा. मला मनातून बरं वाटलं. लागू नये, असंच वाटत होतं. मावशी म्हणाली, अजून एकदा दाब. मी दाबलं. पडदा काळा झाला. मग खालून पाणी वर चढत गेलं आणि त्यावर अक्षरं आली, बोट ९९.

बोट तशीच होती. पुढचा दिवा लुकलुकणारी, काठाला न लागणारी.

मी फडकं खाली ठेवलं. मावशीनं विचारलं नाही, तरी मी सगळं सांगितलं. कोकणातलं बोलणं तिला किती समजलं कोण जाणे. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. ती उठली नाही.

“तुला चित्र पुसलं, तू चित्र सांगितलं. लावून बघायचं काम मोठ्या माणसांचं होतं, बाई.”

ती मला सूट देत होती, हे कळलं. मी ती अर्धीच घेतली. बोट दिसली होती आणि मी गप्प बसले होते, हे त्यातून सुटत नाही.

फोटो टाकला, तो परत आला. स्टिकर आणि पडदा एकाच फोटोत हवा. मग मावशीनं कॅसेट टीव्हीला टेकवून धरली. त्या फोटोत तिचा गोंदलेला हात आणि हिरव्या बांगड्या आहेत. जगात कुणीही तो खेळ शोधला तर आधी मावशीचा हात दिसतो.

मुदतीच्या आदल्या दिवशी लाल पट्टी गेली. मी पान उघडलं. पट्टीबरोबर ती टीपही गेली होती. ‘लावून बघा’ कुठंच नव्हतं. त्या जागी माझ्या फोटोखाली लिहून आलं होतं की ही कॅसेट पहिल्यांदा मी नोंदवली. पुरावा आला की ऐकीव गोष्ट काढायची, असाच त्यांचा नियम. दादाचं बोलणं खरं ठरवायला गेले आणि पुन्हा माझ्याच हातानं ते पुसलं गेलं. अंगण तेच, उत्तरही माझंच.

साइट सांभाळणाऱ्याला मी तुटक्या इंग्रजीत कळवलं, की पहिला मी नाही. त्यानं विचारलं, मग कोण? मी कळवलं, नाव माहीत नाही. त्या ओळीत दादाच होता, असं मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. काजूच्या बिया देऊन कॅसेट घेणारी पोरं आणखीही असतील. त्यानं दाखवलं, की पानाचा जुना इतिहास मागे जपून ठेवलेला असतो, काहीच कायमचं जात नाही. आणि पहिल्या नोंदीपुढं ‘अनोळखी’ असं लिहून दिलं.

त्या पानाखाली बोलायला जागा असते. तिथं मी मराठीत एकच ओळ टाकली. ‘दादा, मी लावून बघितलं.’ दोन महिने झाले. रोज उघडते. खाली काही येत नाही. आलं तर काय येईल, याचीच जास्त भीती वाटते.

मावशीचं पोतं अजून पुरतं उपसलेलं नाही. मागल्या खेपेला तिला चंद्रकोरही चाचपून ओळखता आली नाही, दोनदा चुकली. म्हणून मावशी, तुमची नजर पुरती जायच्या आत मी दर बुधवारी येईन. एकेक कॅसेट तुमच्यापुढं लावीन, कोणत्या टिकलीचा अर्थ काय ते तुमच्या तोंडून ऐकून त्या साइटवर तुमची रीत तुमची म्हणून चढवीन. आणि त्या ओळीखाली कधी दादाचं उत्तर आलं, तर त्याला कोकणात नेण्याआधी नरसीला आणून तुमच्यापुढं बसवीन.