काडीपैलवानाचं माप

ड्रॉइंग ऑफिसात त्याला सगळे काडीपैलवान म्हणायचे. अंगावर मांस म्हणून नव्हतंच, त्यामुळे रागवायची सोय नव्हती. नौदलाच्या नव्या विनाशिकेचं डिझाइन सुरू झालं तेव्हा या बारीकपणाचाही उपयोग झाला. जहाज अरुंद हवं, हलकं हवं, पळायला चपळ हवं आणि वर तोफा मात्र वाढवून हव्यात, अशा साहेबलोकांच्या मागण्या. मग दिसेल तिथे कात्री. बॉयलर रूममधून संकटात वर निघायची हॅच त्यानेच आखली. प्लायवुडचा नमुना तयार झाला की तोच त्यातून वर यायचा, आणि मुख्य आरेखक मान डोलवायचे. एखाद्या आडव्या अंगाच्या माणसाला लाइफ जॅकेट घालून त्यातून पाठवावं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

जहाज देखणं झालं. मालवाहू जहाजांना त्याने सोबत केली, एका लढाईत मार खाऊनही तरंगत घरी आलं. काडीपैलवानाचा जावई त्याच जहाजावर बॉयलर सांभाळायचा. खांदे हे एवढे, सासऱ्याच्या दारातून आत येताना मुद्दाम तिरका होऊन सगळ्यांना हसवायचा. पुढे एका सरावात बॉयलर रूमला आग लागली. दोघे सडपातळ होते, ते निघाले. जावई जॅकेटसकट हॅचमध्ये अडकला.

काडीपैलवान रडला नाही. जेवायचा, ऑफिसला जायचा, अंथरुणावर पडायचा. आतून पार बधिर झाला होता. जहाजाच्या दुरुस्तीत हॅच रुंद केली, तो नकाशाही त्यानेच काढला आणि रेघ कुठे हलली नाही. मुलगी माहेरी आली ती कायमची. बाबा जहाजाच्या जिन्यांचे नकाशे काढतात, एवढंच तिला ठाऊक. खरं कळलं तर ही पण जाईल, ही एक धास्ती तेवढी त्याच्यात जिवंत होती.

जहाज म्हातारं झालं. तोफा उतरवून त्यावर नवशिक्यांना शिकवलं, मग तेही थांबलं. भंगारात काढण्याआधी खलाशांच्या घरच्यांना ते पाहायला बोलावलं. मुलगी म्हणाली, जायचंच.

ती बॉयलर रूम बघून हॅचमधून वर आली, खांद्यावरच्या पर्ससकट, कुठेही न घासता.

"बाबा, केवढी ऐसपैस आहे ही. मग हे अडकले कसे?"

हॅचभोवती वेल्डिंगची कड होती, रंगाखालूनही दिसणारी. त्याला ती केव्हाच दिसली होती.

"नंतर मोठी केली."

"आधी केवढी होती?"

आकडा त्याला तोंडपाठ होता. पण तो सरळ उभा राहिला, हात अंगालगत घेतले आणि खांदे आवळले, पूर्वी प्लायवुडमधून निघताना आवळायचा तसे.

"एवढी," तो म्हणाला. "माप माझं घेतलं होतं."

मुलगी त्याच्या खांद्यांकडे बघत राहिली. मग पर्स सावरून एकटीच जिन्याकडे वळली. तिची पावलं धक्क्यावर वाजेनाशी झाली तरी त्याने खांदे सैल सोडले नव्हते.