हँडब्रेकवरचा हात

आमच्या क्लबात एक रीत आहे. दरवर्षी थंडीतल्या एका शनिवार-रविवारी छावणीतल्या मैदानावर जुन्या ब्रिटिश गाड्यांचं प्रदर्शन भरतं. शनिवारी गाड्या रांगेत उभ्या राहतात, परीक्षक बॉनेट उघडून बघतात, लोक फोटो काढतात. रविवारी सकाळी सगळ्या गाड्या छावणीतून शहरातल्या शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत जातात आणि परत येतात. या फेरीत मालकाशेजारची सीट घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाची. त्याला फेटा बांधायचा, त्याच्या हातून चाकाखाली लिंबू ठेवून घ्यायचं, आणि गाडी मैदानाच्या फाटकातून निघताना माइकवर नाव पुकारायचं ते त्याचं, मालकाचं नाही. त्या दिवसापुरती गाडी त्याची.

ही रीत मला फार आवडायची. माझा भाऊ क्लबात आला तोपर्यंत.

मी दातांची डॉक्टर आहे. माझ्याकडे एक जुनी हेरल्ड गाडी आहे. जालन्याजवळच्या एका शेडमधून ती उचलून आणली तेव्हा तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या आणि इंजिन जाम होतं. पुढच्या कितीतरी वर्षांचे रविवार मी त्या गाडीवर घालवले. तिच्या कार्बोरेटरची बारीक भोकं मी दात साफ करायच्या जुन्या सळईने मोकळी केली आहेत, आणि ही गोष्ट मी पेशंट सोडून सगळ्यांना सांगते. गेली काही वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर सासूबाई बसायच्या. पेट्रोलच्या वासाने त्यांना मळमळायचं, तरी नाकाला पदर लावून बसायच्या. यंदा गुडघ्यांमुळे त्यांना खाली वाकून गाडीत शिरणं जमेना.

तेव्हा आबांना बसवायचं असं मी ठरवलं. आबा म्हणजे माझे वडील. ते सिल्लोडला भावाकडे असतात. आबांची मायनर, तीही तशीच जुनी ब्रिटिश गाडी, भावाकडेच असते. आम्ही लहान असताना आबांनी ती छावणीतल्या एका निवृत्त अधिकाऱ्याकडून घेतली होती. पुढे तिच्याबद्दल कुणी कुणाला काही विचारलं नाही. गाडी सिल्लोडला होती, मुलगा सिल्लोडला होता, ती त्याची झाली. त्याने ती गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली ढकलली आणि विसरून गेला. माझ्या हेरल्डचे फोटो घरच्या ग्रुपवर पडायला लागले तेव्हा त्याला तिची आठवण झाली. नवी बॅटरी, नवे टायर, एक मेकॅनिक, आणि यंदा हे महाशय क्लबात हजर.

शनिवारी मैदानावर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा तेवढा झाला. मी आदल्या आठवड्यात हेरल्डला पॉलिश करून करून मनगट दुखवून घेतलं होतं. आणि लोक बघत होते मायनरकडे. तिचा रंग उडालेला, दाराच्या खालच्या कडेला गंज, सीटच्या शिवणी उसवलेल्या. क्लबातली माणसं त्या गंजावरून हात फिरवत होती. सगळं ओरिजिनल आहे हो, असं एकमेकांना सांगत होती. इतकी वर्षं एखादी वस्तू टाकून दिली की ती ओरिजिनल होते, हे मला आधी माहीत असतं तर मीही कोंबड्या राहू दिल्या असत्या.

परीक्षक आले. गाडी चालू करून दाखवा म्हणाले. भावाने चोक पूर्ण बाहेर ओढला आणि सेल्फ मारत बसला. इंजिनात पेट्रोल तुंबलं, वास सगळ्या रांगेभर पसरला, गाडी काही बोलेना. त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी गणित अडलं की बघायचा तसंच. मी गेले, चोक आत ढकलला, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगितलं, आणि गाडी सुरू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या मायनरला होत्या. रविवारी संध्याकाळी सगळ्यात ओरिजिनल गाडीचा कप कुणाला जाणार हे एव्हाना मैदानावरच्या चहावाल्यालाही कळलं होतं.

कप जाऊ दे, असं मी स्वतःला म्हणाले. कप त्याला, आबा मला. मी गुरुवारी आबांना फोन केला होता. सरळ विचारायची आमच्या घरात पद्धत नाही. आबा, गाडीत पाठीसाठी उशी ठेवलीय, एवढंच मी म्हणाले. ते बरं म्हणाले. तो होकार समजून मी लगेच अबोली रंगाचा फेटा आणला, कारण माझ्या लग्नात त्यांनी तोच बांधला होता आणि त्या फोटोत ते छान दिसतात.

मी का एवढी हट्टाला पेटले होते, ते सांगायला हवं. भाऊ कॉलेजात गेला त्या वर्षी आबांनी त्याला गाडी शिकवली. रविवारी दुपारी गावाबाहेरच्या मोकळ्या माळावर. मी त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, पण मला कुणी विचारलं नाही. मी मागच्या सीटवर बसायचे, सोबत म्हणून. जुन्या गाड्यांचा पहिला गिअर अवघड असतो. गाडी चालती असताना तो टाकायचा तर क्लच दोनदा दाबावा लागतो, मध्ये थोडी रेस द्यावी लागते, नाहीतर आतून दात कडकडा खाल्ल्याचा आवाज येतो. भाऊ दर वेळी तो आवाज काढायचा. मी मागे बसून चपलेतल्या पायांनी क्लच दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. माझ्या पायांखाली गिअर कधी अडला नाही. आणि त्या सगळ्या दुपारी मी एकच गोष्ट बघत असायचे. आबांचा उजवा हात. तो दोन्ही सीटच्या मधल्या हँडब्रेकवर असायचा. भाऊ चुकला की हात घट्ट व्हायचा, गाडी नीट चालली की सैल पडायचा, पण तिथून हलायचा नाही. मी पुढे शहरात एका मोटार ट्रेनिंगवाल्याकडे गाडी शिकले. तो सगळा वेळ खिडकीबाहेर बघून पान चघळायचा.

शनिवारी रात्री आबा आणि भाऊ माझ्याच घरी मुक्कामाला होते. सकाळी मी त्यांना पोहे दिले, आबांना फेटा बांधला आणि आम्ही खाली आलो. घराच्या फाटकाशी दोन्ही गाड्या एकामागे एक उभ्या होत्या. आबा हात पाठीशी बांधून हेरल्डभोवती एक चक्कर मारून आले. आत वाकून उशी बघितली.

"चांगली केली माय तू गाडी," म्हणाले.

मी दार उघडून धरलं. ते मायनरकडे गेले, दाराला थोडा धक्का देऊन ते उघडलं, तसंच उघडतं ते, आणि भावाशेजारी बसले. मी त्यांच्या फेट्याचा शेमला दारात अडकू नये म्हणून आत सारला. म्हणजे तेही मीच केलं. भाऊ गाडी सुरू करण्याच्या घाईत होता, त्याला यातलं काही कळलं नाही, आणि त्याला काही कळत नाही याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

मैदानावर माझी पंचाईत झाली. शेजारची सीट रिकामी असलेली माझी एकटीचीच गाडी. क्लबातल्या एका मैत्रिणीने तिच्या काकांना माझ्याकडे पाठवू का विचारलं. मी नको म्हणाले. उसने वडील मला नको होते. मैदानाच्या फाटकाशी मायनर आली तेव्हा माइकवरून आबांचं नाव गावासकट पुकारलं गेलं, आणि आबांनी फेट्याला हात लावून लोकांना नमस्कार केला. माझ्या वेळी निवेदक जरा घुटमळला आणि म्हणाला, ही आपल्या डॉक्टरांची गाडी. शेजारी उशी होती.

मी मायनरच्या मागोमाग होते. मागच्या छोट्या काचेतून मला त्या दोघांची डोकी दिसत होती, एक फेट्याचं, एक टक्कल पडायला लागलेलं. रस्त्यावर लोक मोबाइल धरून उभे होते. नदीवरच्या पुलाच्या चढावर पुढची रांग थांबली, म्हणून मायनर थांबली. रांग हलली तसा भावाने क्लच सोडला आणि गाडी बंद पाडली. ती मागे यायला लागली. माझ्या हेरल्डच्या नाकाकडे. मागे दुसरी गाडी होती, मला सरकायला जागा नव्हती, हॉर्नवर हात ठेवण्याशिवाय मी काहीही करू शकत नव्हते. आबांचा फेटा किंचित खाली झुकला, आणि मायनर खटकन थांबली. माझ्या बंपरपासून वीतभर अंतरावर. मी सीटवरून उंच होऊन बघितलं. त्यांचा उजवा हात दोन सीटच्या मध्ये होता.

एवढ्या वर्षांनी, डोक्याचे केस गेलेल्या मुलाशेजारी बसूनही तो हात तिथेच होता. माझी गाडी वाचली याचं मला काही वाटलं नाही. मला वाटला तो शुद्ध मत्सर. दुसरं नाव नाही त्याला.

परत आल्यावर मैदानावरच्या मांडवात जेवणं झाली. आबा खुर्चीत फेटा मांडीवर घेऊन बसले होते. आसपास क्लबातली दोन-चार माणसं होती, भाऊ होता. मी गप्प बसायचं ठरवलं होतं आणि बसले नाही.

"आबा, माझ्या गाडीत का नाही बसलात?"

आबांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग त्यांनी भावाकडे बोट केलं.

"ह्याच्याजवळ कुणी तरी बसाया पायजे ना. पुलावर बघितलं नाय का तू? त्याला अजून चढ कळत नाय. तू लई झ्याक चालवती. तुझ्या गाडीत मी बसून काय करू? तुझी मला कधी काळजीच नाय वाटली."

सगळे हसले. भाऊ सगळ्यात मोठ्याने हसला, आणि खरंय ताई, म्हणाला. मैत्रीण माझ्या कानाशी म्हणाली की बघ, केवढं कौतुक केलं. कौतुकच होतं ते. आबा एरवी कुणाचं एवढं कौतुक करत नाहीत, आणि चार लोकांसमोर तर नाहीच. मी ते घेतलं आणि ताट ठेवायला गेले. बेसिनशी उभी राहून हात धूत राहिले. मला त्यांचं कौतुक नको होतं. मला त्यांची काळजी हवी होती. भावाला ती आयुष्यभर फुकट मिळाली, गिअर कडकडा वाजवून मिळाली, आणि मी मागच्या सीटवर बसून सगळं बरोबर शिकले म्हणून मला मिळाली नाही. नीट चालवायची ही कसली शिक्षा, असं वाटून डोळ्यांत पाणी आलं, ते मी त्याच पाण्यात धुऊन टाकलं.

बक्षीस समारंभाला उशीर होणार होता. कप घ्यायला भावाला थांबायचं होतं. आबा दमले होते. तेव्हा त्यांना घरी मी न्यायचं ठरलं. म्हणजे शेवटी ते माझ्या गाडीत बसले. फेटा नाही, लिंबू नाही, माइक नाही, पुढेमागे कुणी नाही. आबांनी पाठीमागची उशी चाचपली, नीट केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि आम्ही छावणीबाहेर पडेपर्यंत त्यांचा डोळा लागला.

मी काय काय दाखवायचं ठरवलं होतं. डॅशबोर्डचं लाकूड मी स्वतः घासलेलं. घड्याळ अजून चालतं. इंजिनाचा आवाज कसा एकसारखा आहे. त्यांची मान प्रत्येक वळणाला थोडी माझ्या बाजूला येत होती. मी वळणं इतकी अलगद घेत होते की त्यांना जाग यायचं काही कारणच नव्हतं.

पुढे स्पीडब्रेकर आला. मी वेग कमी केला. इथे गाडी न थांबवता पहिला गिअर टाकायचा, क्लच दोनदा दाबायचा, मध्ये रेस द्यायची. माझ्या पायांना हे झोपेतही येतं. मी क्लच एकदाच दाबला आणि गिअर तसाच रेटला.

हेरल्ड कडकडली. तिच्या पोटातून असा आवाज मी कधीच काढला नव्हता. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्यानेही वळून बघितलं. आबांनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा उजवा हात मांडीवरून उठला, दोन सीटच्या मध्ये चाचपडला, त्याला हँडब्रेक सापडला, आणि बोटं त्यावर मिटली.

"दोन्दा दाब क्लच, माय," ते झोपेतच पुटपुटले. "घाई नको करू."

"व्हय आबा," मी म्हणाले.

पुढच्या चौकात माझी बोटं गिअरच्या दांड्यावर बरोबर वळायला लागली. मी बोटांना अडवलं. घर येईपर्यंत मी तशीच वाईट गाडी चालवली.