वॉटफर्डमधला झांबिया

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. गुडघे वाकवून घेता घेता पेशंट बोलत राहतात आणि ते आपोआप साठत जातात!

दोन हजार साली नागपूरहून येऊन मी वॉटफर्डच्या एका डे सेंटरमध्ये फिजिओ म्हणून लागले. दर गुरुवारी तिथे भेटणारी तीन माणसं एकाच गावची निघाली, आफ्रिकेतल्या चिपाटाची! जयंतीभाईंचं तिथे कापडाचं दुकान होतं. पीटर तिथले गोरे सरकारी अधिकारी. इंग्रज गेले आणि उत्तर ऱ्होडेशियाचा झांबिया झाला, त्याच वर्षी आमची नर्स ग्रेस तिथे जन्मली. ते वर्ष निघालं की तिघांपैकी कुणीच थांबायचं नाही.

*

स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, दंगल होईल या भीतीने, जयंतीभाईंनी दुकानाला आतून कड्या घातल्या होत्या. दुपारी दारावर धडाधड थापा! बायको, कोकिलाबेन, देवापाशी जाऊन बसल्या. जयंतीभाईंनी फटीतून पाहिलं, तर बाहेर ही गर्दी.

"हिरवं कापड आहे का? नवे झेंडे शिवायचेत!"

हिरवा तागा बघता बघता संपला. लोक हलेनात. शेवटी कोकिलाबेन उठल्या आणि ट्रंकेतून माहेरची हिरवी साडी काढून आणली.

"बेन," जयंतीभाई मला म्हणाले, "अर्धं गाव माझ्या सासऱ्याच्या खर्चाने स्वतंत्र झालं!"

*

गावातल्या हॉटेलात फक्त गोऱ्यांना प्रवेश. पडदे, चादरी सगळं जयंतीभाईंच्या दुकानातलं, पण माल मागच्या दाराने द्यायचा. बंदी उठली तसे ते सूट चढवून, कोकिलाबेनना घेऊन पुढच्या दाराने आत गेले. मधल्या टेबलावर बसले. चहा मागवला.

कोकिलाबेननी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "या चहासाठी अडवत होते?"

*

पीटरचा स्वयंपाकी जोसेफ त्यांना 'ब्वाना', म्हणजे मालक, म्हणायचा. नवा झेंडा चढल्यावर पीटरनी मोठ्या मनाने सांगितलं, "जोसेफ, आता मला नुसतं पीटर म्हण."

"बरं, पीटर. दूध संपलंय. कोपऱ्यावर मिळतं."

हे सांगताना पीटरना हसून हसून खोकला यायचा. मी विचारलं, "मग?"

"मग काय, गेलो!"

*

ग्रेसचं पूर्ण नाव ग्रेस फ्रीडम. आईनेच ठेवलेलं. ती पहिल्यांदा इंग्लंडला आली तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट न्याहाळत विचारलं, "फ्रीडम? इज दॅट युअर गिव्हन नेम?"

"नो सर," ग्रेस म्हणाली, "ते कुणी दिलेलं नाही. आम्ही घेतलंय!"

*

मग पीटरना स्ट्रोक आला. वाचा गेली. काही आठवड्यांनी परत आली, पण इंग्रजीचा एक शब्द नाही! तरुणपणी शिकलेली न्यांजा, चिपाटाची भाषा, तेवढीच तोंडातून येई. त्यांची मुलगी हेलन रडकुंडीला आली होती.

एका गुरुवारी ती त्यांची व्हीलचेअर ढकलत आमच्या हॉलच्या दारापर्यंत आली. पीटरनी चांगल्या हाताने चौकट घट्ट धरली.

"ओदी," ते म्हणाले.

"दुखतंय का, डॅड?" हेलन घाबरली.

ग्रेस आत सगळ्यांचा चहा ओतत होती. ती थांबली.

"आमच्याकडे कुणाच्या घरी गेलं की बाहेर उभं राहून असं विचारतात," ती हेलनला म्हणाली. "आत येऊ का, म्हणून. आतून 'ओदिनी' ऐकू आलं की मगच आत पाऊल टाकायचं. माझी आई सांगायची, साहेब लोक कधी विचारत नसत. कर वसूल करायला आले की सरळ आत."

हेलनने मान खाली घातली.

"ओदी," पीटर पुन्हा म्हणाले. आवाज अगदी बारीक.

जयंतीभाईंना उत्तर येत होतं. पण ते ग्रेसकडे बघत राहिले.

ग्रेसने किटली खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि दारापाशी गेली.

"ओदिनी, पीटर."

त्यांनी चौकट सोडली.