ऑइलपेंटची उद्दिष्टं

आमचे भाचेजावई सातवीला गणित शिकवतात. शिकवतात म्हणजे, काय शिकवणार ते सांगतात. त्यापुढे गाडी सरकल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही.

दर तासाला फळ्यावर आधी 'आजची उद्दिष्टं', मग 'वर्गाकडून अपेक्षा'. अपेक्षा एकूण चौदा! पेन्सिल टोकदार हवी, शंका हात वर करून विचारावी, भिंतीवर, दारावर काही लिहू नये. मुलांनी हे उतरवून घेऊन समास आखला, की घंटा झालीच. रोज लिहून लिहून खांदा धरला, तेव्हा ह्या महाशयांनी रंगारी बोलावला आणि सगळं फळ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं कायमचं रंगवून घेतलं. सगळ्यात वर, ठसठशीत: 'आज आपण अपूर्णांकांचा भागाकार शिकू.' शाळा उघडली तेव्हाही आज, परीक्षा तोंडावर आली तरी आजच.

"अहो, मग गणितं सोडवायची कुठे?" आमच्या भाचीनं विचारलं.

"तुला त्यातलं काय कळतंय?" झालं. भाचीनं तडक मला फोन केला. म्हणून तर मला हे सगळं ठाऊक!

त्यातच मुख्याध्यापकांची खुर्ची रिकामी व्हायची होती. जावयांचा जीव तिच्यात अडकलेला. वर्ग बघायला वरून साहेब येणार, त्यांचा शेरा चांगला पडला की काम फत्ते. जावयांनी सदरा दोनदा इस्त्री करून घेतला. फळा तर तयारच होता.

साहेब आले. फळा बघून खूश. पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हणाले, "काय गं, आज काय शिकताय?"

"अपूर्णांकांचा भागाकार."

"आणि काल?"

"तोच."

"छान, पक्कं करून घेतात वाटतं! बरं, पाऊण भागिले अर्धा कर बघू."

मुलगी खडू घेऊन फळ्यापाशी गेली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "सर, मांडू कुठे?"

जावयांना घाम फुटला. मुलगी मात्र हुशार. सरळ वर्गाच्या दारावर गणित मांडलं, खालचा अपूर्णांक उलटा केला, गुणलं. "दीड."

"शाबास! कुठे शिकलीस?"

"शिकवणीच्या ताईंकडे."

साहेबांचं लक्ष घड्याळाकडे होतं. त्यांनी शेरा लिहिला: 'उद्दिष्ट साध्य.'

मिळाली खुर्ची! पेढे वाटायला स्वतः आले होते माझ्याकडे, छाती फुगवून. मी म्हटलं, "जावईबापू, त्या पोरीला दिलात का पेढा? तिनं तारलं तुम्हाला."

"तिला?" ते गंभीर झाले. "मामा, तिनं दारावर लिहिलं. अपेक्षा क्रमांक नऊ. मुख्याध्यापक म्हणून पहिली शिक्षा तिलाच केली. चौदाही अपेक्षा दहा वेळा लिहायला सांगितल्यात."